बंदर रयतेचे, मक्ता कुणाचा?

गणपतीपुळ्याच्या देवळामागची टेकडी हाच देव, म्हणून इथे प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीलाच घालावी लागते. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र. त्या वाटेने चालणाऱ्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, 'बाबा, हा समुद्र कुणाचा?' तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. समुद्राला कधी मालक असतो काय? पण त्याच म्हाताऱ्याला विचारा, 'जयगडचे बंदर कुणाचे?' आता तो तुमच्याकडे बघणार नाही. तो खाली मान घालील आणि म्हणेल, 'आता ते कंपनीचं.'

ही खाली गेलेली मान आम्हाला सलते. म्हणून हा लेख.

मालगुंड, वरवडे, रीळ, उंडी अशी गावे मागे टाकून उत्तरेला गेले की वीसेक किलोमीटरवर जयगड. शास्त्री नदी तिथे समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडावर किल्ला आहे, दीपगृह आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या होड्या लागत आलेला किनारा आहे. मुंबईची आगबोट ज्या काळी कोकणच्या बंदराबंदरांतून जात होती, त्या काळी जयगडच्या धक्क्यावर ट्रंका आणि वळकट्या घेऊन गिरणीत कामाला जाणारा चाकरमानी उभा असे. त्याच्या पाठीमागे पदराने डोळे पुसणारी त्याची आई असे. ते बंदर सरकारचे होते. पण सरकारचे म्हणजे कुणाचे, हे त्या आईला कुणी शिकवावे लागले नाही. ती त्याला 'आमचे बंदर' म्हणत होती.

आज गावागावांत, चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, ग्रामसभेत एकच वाद आहे. एक म्हणतो, 'सरकारने बंदर विकले.' दुसरा म्हणतो, 'विकले नाही, सुधारले.' तिसरा म्हणतो, 'आपल्याला काय करायचंय? पोराला नोकरी लागली म्हणजे झालं!' आम्ही ह्या तिघांशीही बोलणार आहोत. कारण तिघेही आमचेच आहेत आणि तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे.

आधी जे खरे आहे ते स्वच्छ मांडू. मोर्चात घोषणा मोठ्याने द्यावी, पण हिशेब नेहमी शांतपणे करावा.

ह्या देशात बंदरे दोन जातींची. मोठी बंदरे दिल्लीच्या ताब्यात, लहान बंदरे राज्याच्या ताब्यात. मुंबई आणि न्हावा-शेवा ही मोठी बंदरे. बाकी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची 48 बंदरे लहान म्हणून राज्याकडे आली. त्यांचा कारभार पाहायला 1996 साली महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. जयगड हे त्यातलेच. 2008 साली सागरी मंडळाने धामणखोलच्या उपसागरात बंदर बांधण्याचा आणि चालवण्याचा करार जिंदाल समूहाच्या कंपनीशी केला. मुदत 50 वर्षे. 2009 साली तिथे जहाजे लागू लागली. शेजारीच त्याच समूहाचा 1200 मेगावॉटचा कोळशावर चालणारा वीजप्रकल्प उभा राहिला. खाडीच्या आत चौगुले समूहाने दुसरे बंदर उभे केले आणि त्याला नाव दिले 'आंग्रे'!

तेव्हा 'बंदर विकले' हे कायद्याच्या भाषेत खरे नाही. किनारा राज्याचाच आहे. मंडळ जकातदाराप्रमाणे आपले शुल्क घेते, आणि मुदत संपली की बंदर परत यायचे आहे. म्हणजे हा विक्रीचा नव्हे, मक्त्याचा व्यवहार आहे. हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

पण मक्ता केवढा? पन्नास वर्षांचा! 2008 साली जयगडच्या कोळीवाड्यात जन्मलेले पोर 2058 साली पन्नाशीचे होईल, तेव्हा हा करार संपेल. त्याचे बालपण गेले, तारुण्य जाईल, केस पांढरे होतील, कदाचित नातवंडेही मांडीवर येतील, आणि मग सरकार त्याला सांगेल, 'घे बाबा, हे तुझे बंदर.' शेतकरी आपले आंब्याचे कलम एका हंगामाच्या बोलीने देताना चार वेळा विचार करतो. मोहोर किती, फळ किती, आगाऊ किती, बाकी कधी, फवारणी कुणाची, हे सगळे ठरवून मग नारळ देतो. सरकारने अर्ध्या शतकाची बोली केली, तेव्हा ज्यांच्या अंगणात ती बोली झाली त्यांना ह्यातले काय काय विचारले होते? आमचा प्रश्न एवढाच आहे, आणि तो फार जुना आहे.

किती जुना? मुंबई बंदराचाच इतिहास घ्या. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचा पूर्व किनारा एका खाजगी कंपनीच्या हाती जात चालला होता. तिचे नाव एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. समुद्र हटवून तिने जमीन केली, धक्के बांधले, कापसाच्या गासड्या चढवल्या-उतरवल्या. काम चोख होते, नाही म्हणत नाही. पण बंदराची नाडी एका कंपनीच्या मुठीत गेली, तर उद्या ती वाटेल तो दर लावील, ही भीती व्यापाऱ्यांना आणि सरकारला वाटू लागली. तेव्हाचे सरकार कुणाचे? इंग्रजांचे. व्यापारावर पोसलेले, खाजगी मालमत्तेचे परमभक्त असलेले सरकार. त्या सरकारनेसुद्धा 1870 च्या सुमारास ती कंपनी पैसे मोजून विकत घेतली, आणि 1873 साली मुंबईचा पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. बंदर ही सगळ्या शहराची वेस आहे, ती एका दुकानदाराच्या ताब्यात असू नये, एवढे त्या परक्या राज्यकर्त्यालाही कळले होते.

आणि ज्या मुंबईसाठी ह्या मराठी मुलखाने पुढे प्राण दिले, तिचे मोठेपण कशात होते? बंदरात. 1955-56 साली 'मुंबई तुमची नाही' असे सांगणाऱ्या धनवंतांचा युक्तिवाद काय होता? आमचे भांडवल, म्हणून आमचे शहर. आणि गिरण्यांत, गोद्यांत राबणाऱ्या कोकणच्या माणसाचे उत्तर काय होते? आमचा घाम, आमची भूमी, म्हणून आमचे शहर. 1 मे 1960 ला राज्य मिळाले, मुंबईसकट मिळाले. तेव्हा भांडवलाचा हक्क मोठा की भूमीचा, ह्या वादाचा निकाल एकदा लागलेला आहे. तो जयगडच्या खाडीत पुन्हा उलटा फिरू नये.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. सुधारणावाले म्हणतात, 'अहो, सरकारच्या हाती होते तेव्हा त्या बंदराचे काय झाले होते? आगबोट बंद पडली, धक्क्याला शेवाळ आले, खाडी गाळाने भरत चालली. सरकारकडे ना पैसा, ना इच्छा. कंपनी आली, म्हणून खोल पाण्यात मोठे जहाज उभे राहिले.'

ह्यात खोटे काय आहे? काही नाही! सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांची सोय, असे आम्ही मानत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे मच्छीमार बंदर सरकारीच आहे ना? तिथल्या गाळाचे रडगाणे रत्नागिरीकराने किती वर्षे ऐकले ते त्यालाच विचारा. सरकारी खात्याने बंदर निजवले, हा अपराध आहेच. पण घरातला वडीलधारा झोपला, तर त्याला हलवून उठवायचे असते. घराची किल्ली शेजारच्या सावकाराला पन्नास वर्षांसाठी द्यायची नसते.

शिवाय 'सरकारकडे पैसा नाही' हे पालुपद आम्हाला जुने झाले आहे. कोकणात रेल्वे यायची होती तेव्हाही हेच सांगत होते. दऱ्या, डोंगर, कातळ, पाऊस. पैसा कुठून आणणार? 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ झाले. केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकी पैसा रोख्यांवर लोकांकडून उचलला. 1998 साली रोह्यापासून मंगळुरापर्यंत गाडी धावली. डोंगर तेच, पाऊस तोच, सरकारही हेच. फरक पडला तो ठरवण्यात. मग चार राज्यांनी मिळून रूळ टाकता येतात, तर सागरी मंडळाने वाटा राखून एक धक्का बांधता येत नाही? येतो. वाढवणच्या बंदरासाठी 2024 साली केंद्राने 76,220 कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा त्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदराचा 74 टक्के आणि सागरी मंडळाचा 26 टक्के वाटा ठरला. वाढवणच्या मच्छीमारांचा त्या बंदराला कडवा विरोध आहे आणि तो वेगळा विषय आहे. पण सार्वजनिक वाटा राखता येत नाही, हे म्हणणे त्या एका आकड्याने खोटे ठरते.

आता मक्त्याचा दुसरा पैलू पाहा. आज मक्ता ज्याला दिला, तो उद्या त्याच्याच हातात राहील ह्याची हमी काय? दूर जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या दिघी बंदराचा करार 2002 साली झाला. तोही 50 वर्षांचा. मूळ मक्तेदार कर्जात बुडाला. 2018 साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. 2021 साली अदानी समूहाने ते बंदर 705 कोटींना घेतले. म्हणजे किनारा रायगडचा, करार महाराष्ट्राशी, आणि सौदा धनकोंच्या टेबलावर! दिघीच्या ग्रामस्थाला तिथे खुर्ची नव्हती. कर्जबाजाऱ्याची भांडीकुंडी लिलावात निघतात ते ठीक. पण इथे कर्ज एकाचे आणि लिलाव गावाच्या वेशीचा!

आणि न्हावा-शेवा? तिथे तर सरकारचे स्वतःचे, चालते, कमावते टर्मिनल होते. 1997 साली पहिले टर्मिनल परदेशी कंपनीला 30 वर्षांच्या कराराने दिले, तेव्हा सांगितले, 'हे नवे बांधायचे आहे, जुने आपलेच राहील.' मग एकामागून एक टर्मिनल खाजगी झाले. उरले होते ते एक. 2020 च्या डिसेंबरात तेही देण्याचा ठराव आला, कामगार रस्त्यावर उतरले, आणि 2022 साली तेही 30 वर्षांच्या कराराने गेले. आज ते बंदर अभिमानाने सांगते की, आम्ही आता शंभर टक्के 'जमीनदार बंदर' आहोत! वाचकहो, 'जमीनदार' हा शब्द ऐकून आमच्या अंगावर काटा येतो. खोतीच्या काळात कोकणाने जमीनदार पुष्कळ पाहिले आहेत. आणि लक्षात ठेवा, त्याच उरणच्या मातीत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. फुकट काही मिळाले नाही.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांना परदेशाचेच दाखले देऊ. इंग्लंडात 1992 साली मेडवे नावाचे बंदर सुमारे तीन कोटी पौंडांना व्यवस्थापक आणि कामगारांना विकले. वर्ष-दीड वर्षात तेच बंदर दहा कोटींहून अधिकाला दुसऱ्या कंपनीने घेतले. मधला फरक कुणाचा होता? जनतेचा. गेला कुठे? विचारू नका. श्रीलंकेने हंबनटोटा 2017 साली चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. आणि युरोपातले सगळ्यांत मोठे बंदर कोणते? रॉटरडॅम. त्याचा मालक कोण? रॉटरडॅमची नगरपालिका आणि डच सरकार! धक्क्यांवर खाजगी कंपन्या काम करतात, नफा कमावतात. पण बंदराची मालकी शहराने आणि देशाने आपल्या कंबरेच्या किल्लीला बांधून ठेवली आहे. म्हणजे धंदा खाजगी आणि मालकी सार्वजनिक, हे जमते. शहाणे लोक जमवतात.

आम्ही खाजगीचे सरसकट वैरी नाही, हेही सांगून टाकू. जयगडहून तवसाळला गाडीसकट खाडी ओलांडून देणारी फेरीबोट खाजगीच आहे. तिने गुहागरचा वळसा वाचवला, लोक तिला दुवा देतात. का देतात? कारण दर फळ्यावर लिहिलेला आहे, सेवा डोळ्यांसमोर आहे, आणि खाडी कुणाला बंद झालेली नाही. ती बोट चालते म्हणून कोळ्याची होडी थांबत नाही. आमची कसोटी हीच. खाजगी की सरकारी, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा, की वाट कुणाची बंद झाली?

आणि मोठ्या बंदराने वाटा बंद होतात. मोठ्या जहाजाच्या मार्गात जाळे टाकता येत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असतेच. उरलेल्या महिन्यांत मासा जिथे मिळत होता तिथे जहाजाचा रस्ता झाला, तर लहान होडीवाल्याने कुठे जायचे? मोठा ट्रॉलरवाला खोल समुद्रात जाईल. पातवाल्याला ते पाणी पोचत नाही. त्याचे नुकसान कुठल्या वहीत लिहिले जाते? सात-बारा जमिनीचा असतो. पाण्याचा सात-बारा कुणी पाहिला आहे? ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्याला भरपाईच्या यादीत नाव नाही. उपाशी मात्र तो खराखुरा राहतो.

तीच गत रस्त्याची. निवळी फाट्यावरून चाफ्याला येणारा रस्ता एकच. त्याच रस्त्याने गणपतीपुळ्याचा भाविक येतो, त्याच रस्त्याने जयगडची अवजड वाहने जातात. डिंगणीहून जयगडला रेल्वे आखली होती. ती कागदावरून उतरली नाही. मग बंदराचे ओझे सार्वजनिक रस्त्याने वाहायचे, खड्डे सार्वजनिक तिजोरीने बुजवायचे, आणि नफा तेवढा खाजगी! वीजप्रकल्पाच्या वेळी हापूसचे बागायतदार न्यायालयाची पायरी चढले. 2024 च्या डिसेंबरात जयगड परिसरातल्या शाळकरी मुलांना वायूचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा आयांच्या काळजाचे पाणी झाले. त्या दिवशी एकाही आईने 'करारात कुठले कलम आहे?' असे विचारले नाही. ती विचारत होती, 'जबाबदार कोण?' कंपनीकडे जा, तर ती सरकारकडे बोट दाखवते. सरकारकडे जा, तर ते चौकशी समितीकडे दाखवते. मालकी जिथे धूसर होते, तिथे जबाबदारी पहिली पळ काढते.

आता तिसऱ्याकडे वळू. 'पोराला नोकरी लागली म्हणजे झालं' म्हणणाऱ्याकडे. बाबा रे, तुझ्यावर आमचा राग नाही. घरात चूल पेटायला हवी, हे आम्हालाही कळते. ज्या कोकणाने शंभर वर्षे आपली पोरे मुंबईला धाडली, तिथे गावात पगार मिळतो ही लहान गोष्ट नाही. पण तू हे विचार: पोर कंपनीच्या पटावर आहे की कंत्राटदाराच्या? क्रेन चालवायला शिकले की फाटकावर पहारा करते? गावाचे बंदर पन्नास वर्षे दिले, त्याच्या मोबदल्यात एक कंत्राटी नोकरी, हा सौदा तू बैलाच्या बाजारात तरी केला असतास काय?

टीका पुष्कळ झाली. मागणी काय ते आता सांगतो.

पहिली मागणी: करार मराठीत छापा. आमच्या राज्याचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. भाषेचे राज्य मिळवले ते कशासाठी? शाळेत पोवाडे म्हणण्यासाठी फक्त? ज्या कागदाने अर्धे शतक आमच्या किनाऱ्याचे दैव ठरते, तो कागद आमच्या भाषेत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, कुणालाही वाचता येईल असा हवा. इंग्रजीतला करार आणि मराठीतले आश्वासन, ही जोडी आता पुरे.

दुसरी: दरवर्षी बंदरात किती माल उतरला, मंडळाला किती पैसा आला आणि त्यातला किती ह्या गावांवर खर्च झाला, ह्याचा हिशेब ग्रामसभेसमोर मांडा. खोताच्या वहीसारखी लपवाछपवी नको.

तिसरी: जयगड, नांदिवडे आणि आसपासच्या गावांचे सरपंच, मच्छीमार सोसायट्या आणि कामगार ह्यांचे प्रतिनिधी असलेली देखरेख समिती नेमा, आणि तिला तपासणीचा अधिकार द्या. 2021 च्या कायद्याने मोठ्या बंदरांच्या मंडळावर कामगारांना जागा आहे. लहान बंदराच्या गावकऱ्याने काय पाप केले?

चौथी: होडीची वाट, जाळे सुकवण्याची जागा आणि गावाचा जुना धक्का ह्यांना करारात हात लागता कामा नये. नुकसानीची यादी सात-बाऱ्यावरून नव्हे, होडीच्या नोंदीवरून आणि राबत्या हातांवरून करा.

पाचवी: मक्तेदार बदलला, समभाग विकले गेले किंवा कर्ज थकले, तर पहिला हक्क राज्याचा. दिघीची पुनरावृत्ती जयगडला नको. आणि ह्यापुढे महाराष्ट्राचे एकही लहान बंदर ग्रामसभेला विचारल्यावाचून पन्नास वर्षांच्या बोलीवर देऊ नका.

ह्यातली एकही मागणी बंदर बंद करा असे म्हणत नाही. एकही मागणी कंपनीचे जहाज बुडवत नाही. आम्ही मागतो ती फक्त नजर ठेवण्याची आणि विचारले जाण्याची जागा. तीही नाकारली, तर समजा की काहीतरी लपवायचे आहे.

राहिला तो 'आंग्रे' ह्या नावाचा प्रश्न. कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. इंग्रज, पोर्तुगीज, डच, सगळ्यांच्या जहाजांनी त्यांचा धसका घेतला होता. का? कारण ते म्हणत होते, ह्या पाण्यावर ह्या मुलखाचा हुकूम चालेल. जायचे असेल तर आमचे दस्तक घ्या. त्या माणसाचे नाव बंदराला देणे सोपे आहे. त्याचा बाणा सरकारने आपल्या करारात उतरवणे कठीण आहे, पण आम्ही तेच मागतो. ह्या पाण्यावर धंदा करा, खुशाल करा. पण दस्तक रयतेचे घ्या.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ह्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. येत्या 1 मेला झेंडावंदन झाले की घरी पळू नका. बसा. ह्या पाच मागण्या ठरावाच्या रूपाने वाचा, हात वर करा, सही करा, अंगठा उठवा, आणि ठरावाची नक्कल घेऊनच बाहेर पडा. बायांनी पुढे बसावे. मासळीची पाटी डोक्यावर त्याच वाहतात, तेव्हा हिशेबही त्यांना आधी कळतो.

आणि मग पुन्हा कधी प्रदक्षिणेच्या वाटेवर कुणी त्या म्हाताऱ्याला विचारील, 'बाबा, जयगडचे बंदर कुणाचे?' तर त्याने मान वर करून म्हणावे, 'आमचे. कंपनी भाडेकरू आहे.'